कुत्र्यासह बर्लिनला: पुण्या-मुंबईहून निघण्यापासून तिथे रुळेपर्यंत

जर्मनीतली नोकरी पक्की झाली की घरात व्हिसा, सामान आणि राहायच्या जागेची चर्चा सुरू होते. कुत्र्याचं मात्र "बघू, डॉक्टरांना विचारू" म्हणून मागे पडतं. खरं तर सगळ्यात लांब रांग त्याचीच आहे. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघ भारताला सुरक्षित देशांच्या यादीत धरत नाही. त्यामुळे आज चिप बसवून लस टोचली तरी चार महिन्यांच्या आत कुत्रा तिकडे जाऊ शकत नाही. जास्त पैसे मोजून ही मुदत कमी होत नाही, ओळखपाळख लावूनही होत नाही. ऑफर लेटर हातात पडेल त्याच आठवड्यात व्हेटकडे जा आणि विमानाची तारीख त्यानंतर ठरवा.

इथे बर्लिनचंच सांगतो आहे, कारण जर्मनीत कुत्र्यांचे बरेचसे नियम राज्याराज्याने आणि गावागावाने बदलतात. प्रवेशाचे नियम मात्र सगळीकडे सारखेच.

सगळ्यात आधी: तुमचा कुत्रा जाऊ शकतो का?

पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या चार जातींना, आणि त्यांच्या संकरांनाही, जर्मनीत आणायला कायद्याने बंदी आहे. राज्यांच्या धोकादायक जातींच्या याद्या याहून वेगळ्या असतात, त्याही पाहून घ्या.

पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची अडचण वेगळी. त्यांना देशबंदी नाही, पण श्वासाच्या त्रासामुळे अनेक विमान कंपन्या त्यांना सामानकक्षात घेतच नाहीत. केबिनमध्ये लुफ्तान्साची मर्यादा पिशवीसह 8 किलोची आहे. आपल्याकडचे बरेच पग चांगले खात्यापित्या घरचे असतात, तेव्हा आधी वजनकाट्यावर उभं करा, मग पुढचं ठरवा.

इंडी, म्हणजे आपल्या देशी कुत्र्याला कसलीच अडचण नाही. फक्त जातीच्या रकान्यात एका कागदावर "इंडी", दुसऱ्यावर "मिक्स" आणि तिसऱ्यावर "मोंग्रेल" असं नको. एकच शब्द ठरवा आणि सगळीकडे तोच लिहून घ्या. रंग आणि जन्मतारखेचंही तेच.

चिप, लस, रक्त: क्रम मोडायचा नाही

पहिली चिप, कातडीखाली बसवायची ओळखीची. 15 आकडी, आयएसओ 11784 आणि 11785 मानकाची. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस युरोपच्या हिशेबात धरत नाहीत, भले तुमचं लसीकरणाचं पुस्तक शिक्क्यांनी भरलेलं असो. चिप बसवली की त्याच दिवशी किंवा नंतर लस. पिल्लू असेल तर लसीच्या दिवशी ते किमान 12 आठवड्यांचं हवं. पुस्तकात चिपचा क्रमांक, ती बसवल्याची तारीख, लसीचं नाव आणि बॅच क्रमांक हे सगळं डॉक्टरांकडून तिथल्या तिथे लिहून घ्या. "नंतर भरतो" म्हणाले तर खुर्चीवर बसून राहा.

लसीनंतर किमान 30 दिवस गेले की रक्त काढायचं. हा नमुना युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच तपासलेला हवा. कोपऱ्यावरच्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला 0.5 आययू किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्याचा आकडा एका डोसवर कधीकधी भरत नाही, म्हणून बरेच डॉक्टर दोन डोस देऊन मग रक्त काढतात. वेळ असेल तर तेच करा.

रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट कधी आला याला महत्त्व नाही. 1 मार्चला लस टोचली, तर 31 मार्चच्या आधी रक्त काढता येत नाही आणि प्रवासाला जुलै उजाडतो. मधल्या काळात लसीची मुदत संपू द्यायची नाही. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक भेटीत डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला लावा. मानेमागे बसवलेली चिप काही महिन्यांत सरकते आणि खांद्यापाशी, कधी त्याहीखाली सापडते. यंत्र मानेवरून दोनदा फिरतं, काहीच वाजत नाही, आणि मग कोपरापाशी अचानक टुक् करून आकडे उमटतात. आपल्या कुत्र्याची चिप कुठे आहे हे आपल्याला माहीत असलं की विमानतळावरच्या अधिकाऱ्याला बोट दाखवून सांगता येतं.

नवरा आधी, बायको नंतर: इथे घात होतो

आपल्याकडे सर्रास एक जण आधी जाऊन घर बघतो आणि बाकीचे दोन-तीन महिन्यांनी जातात. कुत्र्याच्या कागदांवर मालक म्हणून आधी गेलेल्याचं नाव असेल तर ते अडतं. मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतर, एवढ्याच खिडकीत कुत्र्याने प्रवास केला तर तो घरगुती प्राणी. एरवी त्याला व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, आणि ते जास्त कडक आणि महाग आहेत. तेव्हा जो माणूस कुत्र्याबरोबर विमानात बसणार आहे, त्याच्याच नावावर कागद करा. चिपच्या नोंदीपासून.

शेवटचे दहा दिवस

निघण्याआधी युरोपीय नमुन्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते सरकारी पशुवैद्याच्या सहीशिक्क्याचं असावं लागतं. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारच्या एक्यूसीएसकडे (प्राण्यांचं विलगीकरण आणि प्रमाणपत्रं बघणारा विभाग) आहे, पुण्या-नाशिककरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. सहीच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत युरोपात शिरायचं, म्हणून हे फार आधी करून ठेवता येत नाही. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मोजून अपॉइंटमेंट घ्या. गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर प्रवास ठेवलात तर दहा दिवसांतले कामाचे किती उरतात ते कॅलेंडरवर बोट ठेवून बघा. कुत्र्याला समक्ष न्यावं लागेल असं धरूनच दिवस मोकळा ठेवा.

एक बारकी गोष्ट, एजंटही बऱ्याचदा विसरतात. हे प्रमाणपत्र इंग्रजीसोबत त्या देशाच्या भाषेत लागतं, जिथून तुम्ही युरोपीय संघात शिरता. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर जर्मन-इंग्रजी. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून पॅरिसमार्गे गेलात तर फ्रेंच. आधी मार्ग पक्का करा, मग नमुना उतरवा. नमुने मधूनमधून बदलतात, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी वापरलेली पीडीएफ नको. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरून चालू नमुना घ्या.

मुंबईहून बर्लिनला थेट विमान नाही. माझं मत विचाराल तर मुंबई-फ्रँकफर्ट थेट उड्डाण घ्यावं आणि पुढे विमान बदलण्यापेक्षा रेल्वेने बर्लिन गाठावं. चार-साडेचार तास लागतात, पण कुत्रा तुमच्या पायाशी असतो. पिशवीत न मावणाऱ्या कुत्र्याला वेगळं तिकीट आणि तोंडाला जाळी लागते.

पिंजरा

सामानकक्षातून जाणाऱ्या कुत्र्याला आयटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) मानकाचा पिंजरा हवा. आत त्याला कान छताला न लागता उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. दोन्ही भाग प्लॅस्टिकच्या क्लिपांऐवजी धातूच्या नट-बोल्टने जोडलेले असावेत, आणि पाण्याची वाटी दाराला अडकवलेली, म्हणजे दार न उघडता बाहेरून भरता येते. निघायच्या महिना-दीड महिना आधी पिंजरा घरात आणून ठेवा, दार काढून टाका, जेवण आतच द्या. आपण होऊन तो आत दुपारची झोप काढायला लागला की निम्मं काम झालं. तळाशी शोषून घेणारी गादी आणि तुमचा न धुतलेला एखादा टी-शर्ट टाका. गुंगीचं औषध देऊ नका. विमान कंपन्या गुंगीतला कुत्रा नाकारतात, आणि त्याला कारणही आहे: उंचीवर रक्तदाब आणि श्वास यांचा भरवसा राहत नाही.

खाऊ बांधताना जपा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून नेता येत नाहीत. चिकनचे तुकडे, तूप, कुत्र्याला चघळायचं याकच्या दुधाचं चीज, सगळं इथेच ठेवा.

उतरल्यावर

फ्रँकफर्टला सामान घेतल्यावर हिरव्या मार्गाने सरळ बाहेर पडायचं नाही. लाल मार्गाने कस्टमकडे जाऊन कुत्रा आहे म्हणून सांगायचं. चिप वाचतात, प्रमाणपत्र, रक्ताचा मूळ रिपोर्ट आणि लसीचं पुस्तक बघतात. कागद नीट असतील तर विलगीकरण वगैरे काही नाही. चार महिने ज्यासाठी घातले ते काम इथे चटकन उरकतं, थोडं पचकल्यासारखंच वाटतं.

घर: कुत्र्याचा दिवस आखून मग

बर्लिनमध्ये घर मिळणं आधीच मुश्कील, त्यात कुत्रा. कायदा थोडा तुमच्या बाजूने आहे. 2013 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने छापील भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी अवैध ठरवली. घरमालकाला प्रत्येक प्रकरणाचा वेगळा विचार करावा लागतो. पण परवानगी विचारावीच लागते, आणि शंभर अर्जांतून कुणाला निवडायचं हे शेवटी त्याच्याच हातात. म्हणून लपवू नका. अर्जासोबत अर्ध्या पानाचा कुत्र्याचा परिचय जोडा: फोटो, वय, वजन, नसबंदी झाली आहे का, विमा आहे का. तिकडे हे कुणाला विनोदी वाटत नाही. पहिले काही महिने सामानासकट मिळणारं तात्पुरतं घर घ्यायचं असेल तर कुत्र्याची परवानगी लेखी घ्या, आणि त्या पत्त्यावर नोंदणी करता येते का तेही विचारा.

घर बघताना स्वयंपाकघराआधी जिना बघा. बर्लिनच्या जुन्या इमारती देखण्या असतात, छत उंच, खिडक्या मोठ्या, आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरून म्हाताऱ्या लॅब्राडॉरला दिवसातून चार वेळा वरखाली करायचं तर त्याच्या कंबरेचं आणि तुमच्या कंबरेचं काय होईल याचा अंदाज घ्या. लाकडी जमिनीवर नखांची टकटक खालच्या घरात स्पष्ट ऐकू जाते. रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवार-सुट्टीचा अख्खा दिवस शांततेचा असतो. जाड गालिचा पहिल्या आठवड्यातच घ्या.

आणि चालत जाता येईल असं हिरवं कुठे आहे? आपल्याकडे कुत्र्याच्या दिवसात किती माणसं गुंतलेली असतात हे तिकडे गेल्यावर कळतं. वॉचमन, दुपारी दार उघडणाऱ्या मावशी, आजी, खालच्या मजल्यावरची मुलं. बर्लिनमध्ये यांतलं कुणी नाही. तुम्ही ऑफिसला, जोडीदार भाषेच्या वर्गाला, आणि कुत्रा अनोळखी वासांच्या घरात एकटा. पहिल्याच दिवशी आठ तास सोडून जाऊ नका. पाच मिनिटांपासून सुरू करून वेळ वाढवत न्या. नोकरी स्वीकारताना कुत्रा ऑफिसात आणता येतो का हे विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालतं. नसेल तर कुत्र्यांचं पाळणाघर किंवा दुपारी फिरवून आणणारा माणूस, आणि तो खर्च भाड्यासोबत धरून मगच घराचं बजेट ठरवा.

सरकारदरबारी

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत तुमची स्वतःची पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. घरमालकाचं पत्र लागतं. ती झाली की कुत्र्याची तीन कामं:

1. तृतीयपक्ष विमा, हाफ्टफ्लिश्ट. बर्लिनमध्ये सक्तीचा. कुत्र्यामुळे सायकलवाला पडला, कुणाचा फोन फुटला, तर भरपाई यातून. बहुतेक कुत्र्यांसाठी वर्षाला शंभर युरोच्या आत बसतो. भाड्याच्या घरातलं नुकसान त्यात धरलेलं आहे ना ते बघून घ्या.
2. हुंडेरेगिस्टर, म्हणजे बर्लिनची कुत्रा-नोंदवही. 2022 पासून बंधनकारक. ऑनलाइन होते, चिपचा क्रमांक लागतो, छोटं शुल्क आहे.
3. हुंडेश्टॉयर, म्हणजे कुत्रा-कर. पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो, त्यापुढच्या प्रत्येकाला 180. महिन्याभरात कर कार्यालयाला कळवायचं. बिल्ला पोस्टाने येतो, तो बाहेर फिरताना पट्ट्याला लावायचा.

नोंदवही आणि कर ही दोन वेगळी कार्यालयं. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही. याशिवाय टासो नावाच्या संस्थेत चिपची फुकट नोंदणी करा. कुत्रा हरवला तर सापडलेला माणूस तिथेच विचारतो. भारतात नोंदवलेला मोबाइल नंबर तिकडे कुणाच्याच उपयोगाचा नाही.

रस्त्यावर

बर्लिनमध्ये कुत्रा मेट्रोत बसतो, कॅफेत टेबलाखाली झोपतो, वेटर न विचारता त्याला पाण्याची वाटी आणून देतो. सुपरमार्केटमध्ये मात्र प्रवेश नाही, बाहेर बांधायला हूक असतात. नव्या कुत्र्याला तिथे एकटं बांधू नका, त्याला अजून परतीची वाट माहीत नाही.

साखळी सर्वसाधारणपणे सक्तीची आहे. बागा आणि जंगलात ती दोन मीटरपर्यंत चालते, गर्दीत, दुकानात, बस-मेट्रोत एक मीटर. मालकाने ज्ञानाची परीक्षा दिली तर काही ठिकाणी सूट मिळते. खेळाची मैदानं आणि पोहण्याच्या जागा वर्ज्य. विष्ठेची पिशवी नुसती वापरायची नाही, ती जवळ असणंही बंधनकारक आहे. काटेरी पट्टे जर्मनीत प्रशिक्षणासाठी 2022 पासून बंद आहेत, तुमच्या सामानात असेल तर काढून टाका.

मेट्रोत आणि बसमध्ये पिशवीतला छोटा कुत्रा फुकट, मोठ्याला सवलतीचं तिकीट. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, फक्त तुमचा, त्यात कुत्रा येत नाही. नियमाने मोठ्या कुत्र्याला जाळी लागते. डब्यात निम्मे कुत्रे जाळीशिवाय दिसतील, तरी तपासनीस आला तर नियम त्याच्याच बाजूने आहे. सरकत्या जिन्यावर कुत्र्याला उभं करू नका, नखं पायऱ्यांच्या फटीत अडकतात. लिफ्ट शोधा किंवा उचलून घ्या.

मोकळं पळवायला ग्रुनेवाल्ड. शहराच्या पश्चिमेचं हे जंगल, त्यात कुत्र्यांसाठी साखळीविना फिरायचा मोठा पट्टा, मध्ये तळं. शहरातच हवं असेल तर टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळावर कुंपण घातलेल्या जागा आहेत. नव्या कुत्र्याला पहिले काही आठवडे कुंपणातच सोडा. आपले कारवान आणि पश्मी शिकारी रक्ताचे, आणि ग्रुनेवाल्डमध्ये रानडुकरं असतात. ससा दिसला की तुमची हाक त्यांच्या कानापर्यंत जात नाही.

इंडी कुत्र्यांना आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. रस्त्यावर पडलेलं उचलून खायचं नाही. शहरात विषारी आमिषं सापडल्याच्या सूचना अधूनमधून फिरतात. शनिवारच्या रात्रीनंतर फुटपाथवर बिअरच्या बाटल्यांच्या काचा असतात. रविवारी सकाळी फिरून आल्यावर पंजे उलटे करून, बोटांच्या मधे बघा.

अनोळखी कुत्रा समोरून आला तर नाकाला नाक लावू देण्याआधी मालकाला विचारायचं. तुमच्या कुत्र्यालाही कुणी न विचारता सहसा हात लावणार नाही. रस्त्यावर भटके कुत्रे नाहीत, त्यामुळे आपल्या गल्लीत भुंकून हद्द राखणारा गडी सुरुवातीला गोंधळतो: इथे भांडायचं कुणाशी?

डॉक्टर

जर्मनीत पशुवैद्यांची फी सरकारी दरपत्रकाने ठरते. साध्या तपासणीचा मूळ दर करांआधी 23.62 युरो आहे, आणि डॉक्टर त्याच्या तिपटीपर्यंत घेऊ शकतो. रात्री-अपरात्री चौपटीपर्यंत, वर 50 युरोचं तातडीचं शुल्क. शस्त्रक्रियेपुरता विमा मिळतो. कुत्रा धडधाकट असतानाच घ्या, आधीचा आजार नंतर धरत नाहीत.

पहिली भेट आजारपणाची वाट न बघता ठेवा. भारतातून आल्याचं स्पष्ट सांगा आणि गोचिडीमुळे होणाऱ्या एर्लिशिया, बबेसिया यांची तपासणी करायला सांगा. आपल्याकडचा कुठलाही व्हेट ताप म्हटलं की आधी गोचीड शोधतो, तिकडच्या डॉक्टरच्या डोक्यात ते पहिलं येईलच असं नाही. जुने रिपोर्ट इंग्रजीत घेऊन ठेवा. गोचिडी बर्लिनच्या गवतातही आहेत, औषध चालूच ठेवायचं.

थंडी आणि 31 डिसेंबर

डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. आखूड केसांच्या कुत्र्याला कोट लागतो, हे लाड नव्हेत. पट्ट्याला दिवा लावा. फुटपाथवर पसरलेली बारीक खडी पंजात रुतते, घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन पुसा.

दिवाळीत आपले फटाके चार-पाच दिवस वाजतात. बर्लिनचे बहुतेक एका रात्रीत वाजतात, पण ती रात्र भयंकर असते. रॉकेट गच्चीवरून नव्हे, रस्त्याच्या मधोमध उडवतात. 31 तारखेला दुपारी, उजेड असताना लांब फिरवून आणा, मग पडदे बंद. औषध हवं असेल तर डॉक्टरांशी डिसेंबरच्या सुरुवातीलाच बोला. दाराशी जाताना घरातही पट्टा गळ्यात राहू द्या.

भारतात परत जायचं असेल तर

बर्लिनमध्ये घर लावून झालं की अधिकृत डॉक्टरकडून युरोपीय पासपोर्ट करून घ्या, निळं छोटं पुस्तक. रेबीजच्या रक्ततपासणीची नोंद युरोप सोडण्याआधी त्यात झालेली असेल आणि बूस्टर कधीही चुकलेला नसेल, तर भारतातून परत येताना तीन महिने थांबावं लागत नाही. ही नोंद सुट्टीचं तिकीट काढण्याआधी करून घ्या. भारतात शिरताना एक्यूसीएसची परवानगी वेगळी लागते, तिचा अर्ज निघण्याआधी करायचा. चार आठवड्यांच्या सुट्टीसाठी कुत्र्याला दोन्ही बाजूंनी उडवण्यापेक्षा तिकडच्या ओळखीच्या पाळणाघरात ठेवणं बहुतेक वेळा बरं. गणपतीला जाणार असाल तर जागा उन्हाळ्यातच पक्की करा, कारण ऑगस्टमध्ये बर्लिनकरही सुट्टीवर निघतात आणि चांगली पाळणाघरं आधी भरतात.